विचारणे, ऐकणे आणि विश्वास : एच.आय.व्ही. प्रतिबंधातील वर्तन-अभ्यास व लोकसहभागाचे धडे

प्रस्तावना

आपल्या वार्षिक अहवालात जमा-खर्चाची पत्रके, विभागवार कामकाजाचा आढावा आणि देणगीदारांची नामावली यांबरोबरच आरोग्यविषयक एखादा अभ्यासलेख देण्याची प्रथा आहे. या वर्षीच्या लेखासाठी एच.आय.व्ही. प्रतिबंध व उपचार यांतील मानवी वर्तनाचा अभ्यास आणि लोकसहभाग हा विषय निवडला आहे. विषयाचे नाव जड असले तरी त्यातील प्रश्न साधा आहे. औषध उपलब्ध आहे, मोफत आहे, गुणकारीही आहे. मग ते प्रत्येकाच्या पोटात नियमितपणे का जात नाही? संसर्ग कसा होतो हे ठाऊक असलेली माणसेही स्वतःला का जपत नाहीत? या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळत नाहीत. ती माणसांमध्ये जाऊन, त्यांना विचारून आणि त्यांचे ऐकून घेऊनच मिळवावी लागतात.

प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. म्हणून येथे विषाणूच्या सूक्ष्म रचनेत न शिरता, गेल्या चार दशकांत जगाने आणि आपल्या देशाने या कामात जे धडे घेतले त्यांची मांडणी केली आहे. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या तिघांनाही त्यांतून काही उपयोगी सापडावे, एवढीच अपेक्षा आहे.

थोडी पार्श्वभूमी

या आजाराची पहिली अधिकृत नोंद जून १९८१ मध्ये अमेरिकेत झाली. भारतात १९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली, सेल्लप्पन निर्मला या त्यांच्या विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले आणि त्यांतून देशातील संसर्ग प्रथम उघडकीस आला. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे 'नॅको', स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्यात भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली आणि 'नारी' या नावाने ती सर्वपरिचित झाली. १ एप्रिल २००४ पासून शासनाने निवडक सरकारी रुग्णालयांत एच.आय.व्ही. विरोधी औषधे, म्हणजे ए.आर.टी., मोफत देण्यास प्रारंभ केला. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना दिवसाकाठी एकच गोळी पुरते आणि ठरावीक काळाने रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजण्याची तपासणीही शासकीय केंद्रांत विनामूल्य होते.

शासनाच्या २०२३ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २५ लाख व्यक्ती एच.आय.व्ही. सह जगत आहेत आणि राज्यवार पाहता महाराष्ट्रातील संख्या सर्वांत मोठी आहे. म्हणजे हा विषय दूरच्या कोणाचा नसून आपल्याच तालुक्यांचा आणि आपल्याच बाह्यरुग्ण विभागाचा आहे.

सांगितलेले आणि घडलेले

हिशेबाच्या कामात वहीतील शिल्लक आणि तिजोरीतील रोकड यांचा मेळ रोज घालावा लागतो. वही कितीही सुवाच्य असली तरी रोकड मोजल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही. मानवी वर्तनाच्या अभ्यासाला हाच नियम लागू पडतो, हे दाखवून देणारे एक उदाहरण आफ्रिकेतील आहे.

सप्टेंबर २००९ ते ऑगस्ट २०१२ या काळात दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे या तीन देशांत 'व्हॉइस' नावाची मोठी चाचणी झाली. तीत ५,०२९ स्त्रिया सहभागी होत्या. संसर्ग नसलेल्या स्त्रीने रोज एक गोळी घेतली, अथवा रोज एक जेल वापरले, तर एच.आय.व्ही. पासून तिचे रक्षण होते का, हे पाहावयाचे होते. स्त्रिया दरमहा केंद्रावर येत, तपासणी करून घेत आणि नियमित औषध घेत असल्याचे सांगत. त्यांनी सांगितलेल्या माहितीवरून औषध घेण्याचे प्रमाण सुमारे ९० टक्के निघाले. परत आलेल्या गोळ्या व जेल मोजूनही हे प्रमाण सुमारे ८६ टक्के येत होते. कागदोपत्री सर्व उत्तम होते.

तथापि निष्कर्ष निराळाच आला. कोणत्याही औषधाने संसर्गात उल्लेखनीय घट दाखविली नाही. दर शंभर स्त्रियांमागे वर्षाला सरासरी ५.७ जणींना नव्याने संसर्ग झाला. जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले तेव्हा उलगडा झाला. ज्यांना खरे औषध दिले होते त्यांच्या नमुन्यांपैकी केवळ २५ ते ३० टक्के नमुन्यांतच औषधाचा अंश सापडला. तरुण आणि अविवाहित स्त्रियांमध्ये, म्हणजे ज्यांना धोका सर्वाधिक होता त्यांच्यातच, हे प्रमाण सर्वांत कमी होते.

येथे कोणी म्हणेल, या स्त्रियांनी फसवणूक केली. संशोधकांनी मात्र तेथे न थांबता काही स्त्रियांना पुन्हा बोलावून घेतले, त्यांच्या रक्ततपासणीचा निकाल त्यांच्यासमोर ठेवला आणि दोष न देता कारण विचारले. तेव्हा मने मोकळी झाली. ही औषधे मुळात एच.आय.व्ही. बाधितांची असल्याने घरात डबी दिसली तर लोक आपल्यालाच आजारी समजतील, ही भीती होती. नवऱ्याचा वा जोडीदाराचा विरोध होता. निरोगी शरीरात औषध घातले तर अपाय होईल, अशा अफवा वस्तीत पसरल्या होत्या. आणि खरे सांगितले तर केंद्रातून नाव कमी होईल, तेथे मिळणारी तपासणी व उपचार बंद होतील, हीही धास्ती होती.

या उदाहरणात आपल्या दृष्टीने दोन बोध आहेत. पहिला असा की, रुग्ण 'घेतो' म्हणतो तेवढ्यावर विसंबू नये. दुसरा अधिक महत्त्वाचा : रुग्ण खोटे बोलत असेल तर खरे बोलण्याची किंमत त्याला परवडत नाही असे समजावे आणि ती किंमत कमी करण्याचा प्रयत्न करावा.

या शोधाचा उपयोगही झाला. रोजची गोळी अनेकींना झेपत नाही हे मान्य करून संशोधनाची दिशा दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांकडे अधिक जोमाने वळली. २०२४ साली 'लेनाकॅपाव्हिर' या सहा महिन्यांतून एकदा टोचावयाच्या इंजेक्शनचा निष्कर्ष जाहीर झाला. दक्षिण आफ्रिका व युगांडा येथील तरुण स्त्रियांच्या चाचणीत हे इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिबंधासाठी त्याची शिफारस केली. घरात डबी नको, रोजची आठवण नको आणि कोणाच्या नजरेत येणे नको, या त्या स्त्रियांच्या गरजा होत्या. त्या ऐकल्या गेल्या म्हणून औषधाचे रूप बदलले.

प्रश्न विचारण्याची रीत

खासगी आयुष्याविषयी थेट समोरासमोर विचारले की उत्तर सभ्यतेचे मिळते. ही अडचण ओळखून शेजारच्या कर्नाटक राज्यातील काही जिल्ह्यांत एक सुटसुटीत पद्धत वापरण्यात आली. तिला मतदान-कक्ष पद्धत म्हणता येईल. दहा-पंधरा जणांचा गट एकत्र बसतो. प्रत्येकापुढे आडोसा असतो. हाती क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या आणि वेगवेगळ्या रंगांच्या पेट्या असतात. प्रश्न मोठ्याने वाचला जातो. ज्याचे उत्तर 'होय' असेल तो एका पेटीत आणि 'नाही' असेल तो दुसऱ्या पेटीत चिठ्ठी टाकतो. नाव कोठेही नसते. शेवटी सर्वांच्या चिठ्ठ्या एकत्र मोजल्या जातात. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही हे जमते.

याच भागात समोरासमोर घेतलेल्या मुलाखती आणि ही पद्धत यांची तुलना केली असता, निरोधाशिवाय संबंध येण्यासारख्या नाजूक बाबींची कबुली मतदान-कक्ष पद्धतीत अधिक प्रमाणात मिळाली. जिल्हा तोच आणि समाजगटही तेच, परंतु नाव उघड होण्याची भीती गेल्याबरोबर उत्तर बदलले. रुग्णालयाने यातून घेण्याजोगी गोष्ट ही की, उत्तर माणसाच्या स्वभावावर जितके अवलंबून असते तितकेच ते खोलीच्या दारावर, बाकावर शेजारी बसलेल्या व्यक्तीवर आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अवलंबून असते. नोंदणीच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मोठ्या आवाजात आजार विचारणे आणि मग माहिती अपुरी मिळाली म्हणून कुरकुरणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येणार नाहीत.

लोकांना वगळून केलेले काम

रोज घेण्याच्या प्रतिबंधक गोळीची एक चाचणी २००४ साली कंबोडियात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये होणार होती. त्या स्त्रियांच्या संघटनेने साधा प्रश्न विचारला : चाचणीमुळे आम्हांला काही अपाय झाला तर पुढील काळात आमचा उपचार कोण करणार? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, विरोध वाढला आणि ऑगस्ट २००४ मध्ये तेथील पंतप्रधानांनी चाचणीच थांबविली. २००५ च्या प्रारंभी कॅमेरून देशातही याच औषधाची चाचणी स्थगित झाली. शास्त्रीय आराखडा होता, निधी होता. तरीही संमती घेण्यापूर्वी बोलावयाचे जे बोलणे होते ते अपुरे राहिले आणि काम थांबले.

या ठेचेनंतर संयुक्त राष्ट्रसंघाच्या एड्सविषयक कार्यक्रमाने 'एव्हॅक' या संस्थेच्या साहाय्याने २००७ साली सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०११ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढली. संशोधनाचा विषय ठरविण्यापासून निष्कर्ष लोकांना कळविण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर ज्यांच्यावर प्रयोग व्हावयाचा त्यांना विश्वासात घेतले पाहिजे, असे ती सांगतात. या विचाराचे मूळ मात्र त्याहून जुने आहे. १९८३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे जमलेल्या एड्सग्रस्त व्यक्तींनी, आम्हांला 'बळी' म्हणू नका आणि आमच्याविषयीचे निर्णय आमच्या सहभागाने घ्या, असे जाहीर केले होते. आपल्याकडे 'एड्सबाधित' व 'एड्सग्रस्त' या शब्दांऐवजी 'एच.आय.व्ही. सह जगणारी व्यक्ती' असे म्हणण्याची रीत रुजत आहे, तिचा उगम याच भूमिकेत आहे.

सोनागाची आणि सांगली

लोकांना बरोबर घेतल्याने काय साधते, याचे आपल्या देशातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोलकात्याच्या सोनागाची वस्तीचे आहे. १९९२ साली अखिल भारतीय आरोग्यशास्त्र व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेचे डॉ. स्मरजित जाना तेथे गुप्तरोग व एच.आय.व्ही. प्रतिबंधाच्या कामासाठी गेले. त्यांनी आरोग्यसेवक बाहेरून आणण्याऐवजी त्याच वस्तीत, त्याच व्यवसायात असलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन कामावर घेतले. या स्त्रियांनी घरोघरी जाऊन माहिती दिली, निरोध वाटले आणि दवाखान्यात येण्यास मैत्रिणींचे मन वळविले.

काम सुरू झाल्यावर लक्षात आले की, निरोध वापरावा हे बाईला पटले तरी गिऱ्हाईक नाकारते, मालकीण दबाव आणते, पोलीस त्रास देतात आणि सावकाराचे व्याज फेडावयाचे असल्याने आलेले गिऱ्हाईक परत पाठविणे परवडत नाही. म्हणजे आरोग्याचा प्रश्न सोडवावयाचा तर कर्जाच्या प्रश्नाला हात घालावा लागत होता. १९९५ साली या स्त्रियांनी 'दुर्बार महिला समन्वय समिती' स्थापन केली आणि त्याच वर्षी 'उषा' ही आपली सहकारी पतसंस्था नोंदविली. बचतीला सुरक्षित जागा मिळाली आणि गरजेपोटी सावकाराकडे जाणे कमी झाले. महाराष्ट्रातील वाचकांना सहकाराचे महत्त्व सांगावयास नको. परंतु पतसंस्थेचे पासबुक हेही रोगप्रतिबंधाचे साधन ठरू शकते, हे सोनागाचीने दाखविले. १९९२ च्या पाहणीत निरोधाचा नियमित वापर नगण्य होता, तो त्या दशकाच्या अखेरीस बहुसंख्य स्त्रियांपर्यंत पोहोचला. ज्या काळात मुंबईतील अशा वस्त्यांतून निम्म्याहून अधिक स्त्रिया बाधित आढळत होत्या, त्या काळात सोनागाचीतील प्रमाण त्या मानाने पुष्कळ कमी राहिले.

आपल्या राज्यातही याच मार्गाने गेलेले एक काम आहे. सांगली जिल्ह्यात १९९२ साली 'संग्राम' या संस्थेचे कार्य मीना शेषू यांच्या पुढाकाराने सुरू झाले. तेथील स्त्रियांनीच १९९६ साली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही आपली स्वतंत्र संघटना उभी केली. निरोध वाटपाचे काम वस्तीतील स्त्रियांच्याच हाती राहिले. ज्या स्त्रीला कोणत्या घरात कोण राहते, कोणाचा मूल शाळेत जातो आणि कोण आजारी असून लपविते हे ठाऊक असते, तिच्याइतके हे काम पगारी परका माणूस करू शकत नाही, हा त्यामागील विचार होता आणि तो अनुभवाने खरा ठरला.

श्रेय कोणाचे?

वार्षिक अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा एक अभ्यासही येथे नमूद करणे आवश्यक आहे. समाजात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा व्यक्तींना प्रशिक्षण द्यावे, म्हणजे त्यांच्या बोलण्यातून इतरांचे वर्तन सुधारते, असा विचार अमेरिकेत यशस्वी ठरला होता. तो चीन, भारत, पेरू, रशिया आणि झिम्बाब्वे या पाच देशांत तपासून पाहण्यात आला. भारतातील काम चेन्नईच्या गरीब वस्त्यांत झाले. काही ठिकाणी ही योजना राबविली आणि तुलनेसाठी काही ठिकाणी केवळ तपासणी, उपचार, माहिती व निरोध उपलब्ध करून दिले.

२०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. योजना राबविलेल्या ठिकाणी जोखमीचे वर्तन घटले होते. परंतु तुलनेच्या ठिकाणीही ते जवळपास तेवढेच घटले होते. दोन्ही पारडी समान राहिली. तुलनेचा गट नसता तर सर्व श्रेय योजनेला देऊन टाळ्या वाजल्या असत्या. वाजवी दर्जाची तपासणी, आदराने केलेली विचारपूस आणि उपचार एवढ्यानेही माणसे सावध होतात, असा एक अर्थ यातून निघू शकतो. आपल्या शिबिरांनंतर रुग्णसंख्या बदलली म्हणजे ती शिबिरामुळेच बदलली, असे लिहिण्यापूर्वी शेजारच्या, शिबिर न झालेल्या गावात काय घडले हे पाहावे, हा या अभ्यासाचा धडा आहे. लोकसहभागाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. त्याचे मापन मात्र प्रामाणिकपणे करण्याची जबाबदारी वाढते.

पुण्याचा सहभाग असलेले एक संशोधन

'एच.पी.टी.एन. ०५२' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधनात नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांनी भाग घेतला. भारतात पुणे व चेन्नई येथे हे काम झाले. प्रत्येक जोडप्यात एकाला एच.आय.व्ही. होता आणि दुसऱ्याला नव्हता. निम्म्या जोडप्यांत बाधित व्यक्तीला लगेच औषध सुरू केले आणि उरलेल्यांत त्या वेळच्या नियमानुसार प्रतिकारशक्ती खालावल्यावर. सर्वांना समुपदेशन व निरोध दिले जात होते. मे २०११ मध्ये निष्कर्ष मुदतीपूर्वीच जाहीर करावा लागला, इतका तो स्पष्ट होता. जोडीदाराकडून जोडीदाराला झालेल्या २८ संसर्गांपैकी २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात होते आणि लवकर औषध मिळालेल्या गटात अवघा एक. म्हणजे घट ९६ टक्के. या शोधाची २०११ सालातील सर्वांत महत्त्वाची शास्त्रीय घटना म्हणून 'सायन्स' या नियतकालिकाने निवड केली.

पुढील अभ्यासांतून हे अधिक पक्के झाले. नियमित औषधाने ज्याच्या रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासे होतात, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे आता जगन्मान्य आहे. निदान होताच प्रत्येकाला औषध सुरू करण्याचे धोरण भारताने २०१७ साली स्वीकारले.

या यशात जोडप्यांचा वाटा किती मोठा आहे याचा विचार व्हावा. पती-पत्नींनी आपल्या संसारातील सर्वांत अवघड गोष्ट एकमेकांपुढे उघड केली, वर्षानुवर्षे एकत्र तपासणीला आले आणि प्रश्नांना उत्तरे दिली. अशा संशोधनाच्या प्रत्येक केंद्राला स्थानिक नागरिकांचे सल्लागार मंडळ असावे लागते, त्याचे कारणही हेच. आज मुंबई-पुण्यापासून खेड्यापर्यंत कोणतेही बाधित दांपत्य संततीचे स्वप्न पाहू शकते, त्यामागे त्या अनामिक जोडप्यांचे ऋण आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी

वरील अभ्यासांचे सार घरात कसे उपयोगी पडेल, ते थोडक्यात देत आहोत.

१) 'गोळी घेतली का?' असा दरडावून प्रश्न विचारल्यास उत्तर नेहमी 'घेतली' असेच येते. 'या आठवड्यात किती वेळा राहून गेली? राहतेच कधी कधी,' असे विचारल्यास खरे उत्तर येण्याची शक्यता वाढते.

२) गोळी चुकण्याचे कारण विचारा. प्रवास, रात्रपाळी, उपासाचा दिवस, घरी पाहुणे, औषधाच्या डबीवरील नाव, मनाची उदासी अशी कारणे बहुधा असतात आणि त्यांतील बऱ्याच कारणांवर उपाय निघतो. गोळ्या साध्या डबीत काढून ठेवणे हाही एक उपाय आहे. परंतु औषध कसे साठवावे हे आधी ए.आर.टी. केंद्रात विचारून घ्यावे.

३) बरे वाटू लागले म्हणून औषध थांबवू नये. खंड पडत राहिल्यास विषाणू औषधाला दाद देईनासा होतो आणि मग दुसऱ्या, अधिक जिकिरीच्या औषधांकडे वळावे लागते.

४) भांडी, कपडे, अंथरूण वेगळे ठेवण्याची काहीही गरज नाही. एकत्र जेवणे, स्पर्श, मिठी, डास अथवा एकच शौचालय यांमुळे संसर्ग होत नाही. ताट वेगळे केले की माणूस प्रथम घरातून आणि मग उपचारांतून दूर होतो.

५) आजाराची माहिती कोणाला द्यावी हा निर्णय रुग्णाचा आहे. सुनेची, जावयाची वा दिराची माहिती नातेवाईकांत बोलून दाखविण्याचा अधिकार इतर कोणालाही नाही.

६) शंका असल्यास 'नॅको'च्या १०९७ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावर माहिती मिळते.

रुग्णालय, विश्वस्त आणि देणगीदार

एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती घेतल्याखेरीज तपासणी करू नये, उपचार नाकारू नयेत, माहिती गुप्त ठेवावी आणि कर्मचाऱ्यांना सुरक्षित कामाची साधने द्यावीत, असे तो सांगतो. वीस वा अधिक व्यक्ती असलेल्या आरोग्य संस्थेने तक्रार अधिकारी नेमणे त्यात बंधनकारक आहे. ही झाली कायद्याची चौकट. पण कायदा रुग्णाला आत येऊ देतो. त्याला बोलते करण्याचे काम माणसांचे असते.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी खर्चाच्या मानाने लहान आहेत. समुपदेशनासाठी दार बंद होणारी खोली. केसपेपरवर आजार ओळखू येईल अशी कोणतीही खूण नसणे. नावाऐवजी टोकन क्रमांकाने पुकारणे. सफाई कर्मचाऱ्यापासून शल्यचिकित्सकापर्यंत सर्वांचे वर्षातून एकदा प्रशिक्षण. तपासणीला न आलेल्या रुग्णाची, त्याने दिलेल्या संमतीनुसारच, विचारपूस. आणि शक्य असेल तेथे स्वतः एच.आय.व्ही. सह जगणाऱ्या व्यक्तीला मानधन देऊन मार्गदर्शक म्हणून नेमणे. विश्वस्त मंडळाने रुग्णसेवेचे निर्णय घेताना रुग्णप्रतिनिधींचे म्हणणे ऐकण्यासाठी ठरावीक बैठक ठेवावी, अशीही विनंती या निमित्ताने करावीशी वाटते.

देणगीदारांपुढे एक गोष्ट स्पष्टपणे ठेवणे हे व्यवस्थापकाचे कर्तव्य आहे. सोनोग्राफी यंत्र, रुग्णवाहिका वा नवीन मजला यांसाठी देणगी मिळविणे तुलनेने सोपे जाते. त्यांवर कोनशिला बसते, नाव कोरले जाते आणि ते योग्यच आहे. समुपदेशकाच्या पगारावर मात्र नाव कोरता येत नाही. त्याच्या कामाचे छायाचित्र काढता येत नाही, कारण ते गोपनीय असते. ताळेबंदात तो खर्च मालमत्तेच्या बाजूला जात नाही, वेतन या शीर्षाखाली वर्षअखेर संपून जातो. म्हणूनच काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री तेथे लागते. परंतु वरील सर्व उदाहरणांचे तात्पर्य असे की, औषधाची पेटी आणि रुग्णाचे पोट यांमधील अंतर तोडणारे माणूस हेच असते. ते पद रिकामे राहिले तर मोफत औषधही वाया जाते, आणि व्हॉइस चाचणीप्रमाणे कागदावर मात्र सर्व काही ठीक दिसत राहते.

समारोप

गेल्या चार दशकांत या आजाराने वैद्यकशास्त्राला जेवढे शिकविले तेवढेच सेवाभावी संस्थांनाही शिकविले आहे. लोकांसाठी काम करणाऱ्यांनी लोकांना आधी विचारावे, मिळालेले उत्तर दोष न देता ऐकावे, ते तपासून पाहावे आणि कामाची पद्धत त्यानुसार बदलावी, हा तो धडा होय. तो एच.आय.व्ही. पुरता मर्यादित नाही. क्षयरोगाच्या दीर्घ उपचारांना, मधुमेहाच्या पथ्याला आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळीलाही तो तंतोतंत लागू पडतो.

आगामी वर्षात समुपदेशन व रुग्णसंपर्क या शीर्षाखाली स्वतंत्र निधी राखून ठेवण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवण्यात येत आहे. देणगीदारांनी आपल्या देणगीचा अल्पसा भाग तरी या निधीकडे वळवावा आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी आपल्या अडचणी निःसंकोचपणे समुपदेशन कक्षात येऊन सांगाव्यात, अशी नम्र विनंती करून हा लेख पूर्ण करतो.